घराचे ऐब आणि दादाजी उरकुडे

मी घर रविवारी बघितलं. रविवारीच पसंत केलं आणि रविवारीच बयाणा देऊन मोकळा झालो.

यात मूर्खपणा कुठे आहे हे चंद्रपूरबाहेरच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमची कॉलनी शहराच्या पार टोकाला. मागे झुडपी जंगल, जंगलापलीकडे कोळशाची उघडी खाण. त्या खाणीत रोज दुपारी अडीचच्या सुमारास सुरुंग उडतो आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांडी आपापल्या जागा बदलतात. सुट्टी फक्त रविवारी. इकडे रविवारी घर बघणं म्हणजे बसलेला बैल बघून विकत घेणं. लंगडतो की नाही, ते घरी आणल्यावर कळतं.

बरं, मी पाटबंधारे खात्यातला कारकून. स्वतःला चौकस समजणारा. त्या दिवशी मी सगळे नळ सोडून पाहिले, सगळे दिवे लावून पाहिले, संडासाची टाकी किती फूट खोल आहे तेही विचारलं. दारं तर मी इतक्या वेळा उघडली-लावली, की मालकाची बायको म्हणाली, "भाऊ, हवा येऊन राह्यली का जाऊन राह्यली?"

वास्तुपूजा बुधवारी ठेवली. पंगत उठली होती. शेगडीवर दूध उतू घालायचं राहिलं होतं, म्हणून बायको वंदना पातेल्याकडे बघत उभी होती. तेवढ्यात जमीन हलली. खिडक्या थरथरल्या. मी "भूकंप! भूकंप!" ओरडत बाहेर पळालो. पळताना घरातली सर्वांत मोलाची वस्तू उचलावी, एवढं भान मला होतं. मी दुधाचं पातेलं उचललं. वंदना आतच राहिली. तिच्या माहेरी, मूल गावी, अजूनही माझा उल्लेख "ते दूधवाले जावई" असाच होतो.

रस्त्यावर एक उंच, वाळका माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बनियन, पायजमा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"दोन पस्तीस. आज पाच मिनिट लेट केले त्याईनं," तो म्हणाला. "रविवारी पाह्यलं असन घर तुमी?"

दादाजी उरकुडे यांची आणि माझी ही पहिली भेट. भिंतीला भिंत लागून शेजार. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी आलापल्लीला दिलेली, घरात एकटे.

दादाजीभाऊ खाणीच्या सर्व्हे खात्यातून निवृत्त झाले. जमीन कुठे खचते, कुठे फाटते, हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर बघायला खाण उरली नाही, म्हणून ते लोकांच्या घरांकडे वळले. त्यांच्या खिशात तीन वस्तू कायम: खर्र्याची पुडी, मोजायची टेप आणि एक हिरवी काचेची गोटी.

गोटी कशाला? कोणाकडेही गेले की आधी ते फरशीवर गोटी ठेवत. घर सरळ असेल तर गोटी जागेवर राहायची आणि दादाजीभाऊ खुर्चीत बसायचे. गोटी चालायला लागली की तेही तिच्यामागे चालायला लागायचे आणि यजमान चहाचा ट्रे घेऊन दोघांच्या मागे. कॉलनीत एका साक्षगंधाला त्यांनी नवरदेवाच्या नव्याकोऱ्या हॉलमध्ये गोटी सोडली. ती पाहुण्यांच्या रांगेपुढून, कोणाला न जुमानता, थेट मुलीच्या बापाच्या चपलेशी जाऊन थांबली. दादाजीभाऊ वाकले, गोटी उचलली आणि म्हणाले, "पाव्हणे, पोरगा बेस हाय. घर तेवढं वाकलं हाय."

लग्न झालं. पण त्याआधी नवरदेवाच्या बापाला हॉलची फरशी उखडून पुन्हा बसवावी लागली.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे काचपट्टी. कोणाच्या भिंतीला भेग दिसली की ते काचेची बोटभर रुंद पट्टी आणत, भेगेवर आडवी ठेवत, दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी चिकटवत आणि शेजारी लाल रंगाने तारीख लिहीत. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकते. "भिंत खोटी बोलते, माणूस खोटा बोलते," ते म्हणायचे, "काच नाई बोलत." आमच्या घरात त्यांनी अशा चौदा पट्ट्या लावल्या होत्या. दिवाणखान्यात तीन, देवघरावर एक. पाहुणे विचारायचे, "घराला लागलंय का काही?" दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दादाजीभाऊ भलंमोठं रजिस्टर बगलेत मारून येत, चौदाही पट्ट्या भिंग लावून बघत, काहीतरी लिहीत आणि चहा न पिता जात. मला हे वेड वाटायचं. थोडं अपमानकारकही वाटायचं, कारण डॉक्टर दर महिन्याला येतो तो रोग्याकडे.

पण कॉलनीत त्यांची खरी दहशत होती ती घर विकणाऱ्यांना. कोणी घर विकायला काढलं, गिऱ्हाईक आलं, की दादाजीभाऊ आपली खुर्ची त्या फाटकाशी नेऊन ठेवायचे. गिऱ्हाईक बाहेर आलं की म्हणायचे, "पयले ऐब आयका, मंग भाव बोला." आणि सांगायला सुरुवात. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं. गच्चीवर काळी भुकटी किती पडते आणि पापड वाळवले तर कसे दिसतात. नाल्याचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं. अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच परत. आमच्या भागातला दलाल मुन्ना त्यांना "चालतं-बोलतं नुकसान" म्हणायचा. माझा सौदा मुन्नाने उरकला तो मार्कंड्याच्या जत्रेतल्या रविवारी. दादाजीभाऊ देवाला गेलेले, खाण बंद. असा दुग्धशर्करा योग मुन्ना वर्षभर जपून ठेवतो, हे मला नंतर कळलं.

एकदा मी त्यांना विचारलं, "दादाजीभाऊ, लोकांचं नुकसान करून तुम्हाला काय मिळतं?"

"आमचा बाप बैलबाजारात बैल विके," ते म्हणाले. "बाजाराची रीतच हाय जी. मारका हाय का, बसका हाय का, पयले सांगाच लागते. बापानं एका बैलाचे सारे ऐब सांगतले, अना तोच बैल तीन बाजार वापस आणला."

"मग?"

"चवथ्या बाजारी विकला. तो घेणारा मरेपर्यंत बापाले रामराम करे."

"आणि माझ्या घराचे ऐब? ते आता सांगून काय उपयोग?"

"तरी सांगतो ना. मांगचं मोहाचं झाड पाह्यलं?"

"पाहिलं की. छान सावली आहे."

"चैतात त्या सावलीत कोण बसते ते पाहाल."

चैत्रात मोहाची फुलं गळाली आणि पहाटे अस्वल आलं. अंगणाच्या कोपऱ्यात बसून, पंगतीत बसावं तसं, शांतपणे फुलं खात होतं. मी खिडकीतून पाहिलं आणि पुढचे आठ दिवस मागचं दार उघडलं नाही.

नऊ वर्षं अशी गेली. मग वंदनाची बदली गडचिरोलीतल्या एका शाळेत झाली. रोज बसने दोन तास जाणं, दोन तास येणं. खोली करून राहा म्हटलं, तर तिने मला विचारलं, "तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात का?" मी खरं ते सांगितलं. त्यामुळे ती जात-येत राहिली. दोन वर्षांत तिच्या कमरेची अशी अवस्था झाली, की संध्याकाळी घरी आली की आधी भिंतीला टेकून उभी राहायची, मग वाकून चप्पल काढायची. त्या मार्चमध्ये मी निवृत्त झालो. आता चंद्रपुरात राहायचं कारणच नव्हतं. गडचिरोलीत तिच्या शाळेजवळ एका विधवा बाईंचं लहानसं बैठं घर होतं. त्या म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांबते. मग दुसऱ्याले देईन." आमचं घर विकलं जाईल तेव्हाच ते घेता येणार होतं.

श्रावण सुरू होता. दादाजीभाऊ मुलीकडे आलापल्लीला गेले होते. मी विचार केला, हीच वेळ.

मी पटाशी घेतली आणि चौदाच्या चौदा काचपट्ट्या खरवडून काढल्या. भेगांत पुट्टी भरली, वरून फिकट गुलाबी रंग मारला. काचा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. घर असं दिसायला लागलं, की मलाच ते विकत घ्यावंसं वाटलं. वंदना म्हणाली, "दादाजीभाऊंना विचारलं का?" मी म्हटलं, "घर आपलं आहे की त्यांचं?"

मुन्नाने एक ठेकेदार आणला. अर्थात रविवारी. ठेकेदार घरात शिरला, दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि विचारलं, "नवी पुट्टी?"

"हो. सणवार आले ना."

"भेगा किती होत्या?"

"एकही नाही."

"मंग पुट्टी कायले?"

मी चहा आणायला आत गेलो. परत आलो तोवर तो बूट घालत होता. "भाऊ, मी घुग्घुसचा आदमी हाओ," तो हसत म्हणाला. "आमच्या इथीबी रोज दुपारी भांडे पडते. रविवारी काऊन बलावलं, ते समजून गेलं मले."

आठवड्याभरात "त्या घरात काहीतरी लपवलंय" ही बातमी सगळ्या दलालांपर्यंत पोहोचली. भेगा असताना घराला जो भाव येत होता, तो रंगवल्यावर खाली आला. गणपती बसले, उठले. दसरा तीन आठवड्यांवर आला.

दादाजीभाऊ परतले ते महिन्याची पहिली तारीख साधून. रजिस्टर बगलेत, भिंग हातात. दिवाणखान्यात आले आणि थांबले. भिंतीवरून त्यांनी तळहात फिरवला, जिथे जिथे काच होती बरोबर तिथे तिथे.

"काचा कुठी हायेत?"

"फेकल्या."

"शाबूत होत्या?"

"होत्या. चौदाही."

"मंग फेकल्या काऊन?"

"गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तेच तं दाखवाचं होतं, भाऊ," ते हळूच म्हणाले. "अकरा साल रोज धक्का खाऊन एक काच नाई तडकली. भेगा जुन्या हायेत, घर बसलं तवाच्या. वाढून नाई राह्यल्या. त्याचा याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता होता तुमच्यापाशी?"

माझ्या घराचं एकुलतं एक प्रमाणपत्र मी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं. वर गुलाबी रंग मारला होता. वंदना दारात उभी होती, भिंतीला टेकून. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, की या बाईला निवृत्त होईपर्यंत त्या बसमध्ये मी बसवणार.

दोन दिवसांनी दादाजीभाऊ स्वतः गिऱ्हाईक घेऊन आले. मारोतीभाऊ आणि कुसुमबाई, सिंदेवाहीकडचे, तलावावर मासेमारी करणारे. दोन्ही मुली चंद्रपूरच्या कॉलेजात शिकत होत्या, म्हणून शहरात घर पाहिजे होतं. दिवस मंगळवार. वेळ दुपारी दोन.

"दादाजीभाऊ, निदान चार वाजता तरी," मी कुजबुजलो.

"चूप बसा जी."

ऐब सांगायला त्यांनी वीस मिनिटं घेतली. रस्ता सरळ दारावर येतो, रात्री गाड्यांचे दिवे तोंडावर पडतात. गच्चीवर कपडे वाळवले तर पांढरा सदरा दोन महिन्यांत करडा होतो. मोठ्या पुरात नाल्याचं पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत येतं. मोहाचं झाड आणि त्याखालचा पाहुणा. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून, "अना याईनं भेगा बुजवून वरून रंग मारला हाय." मी जमिनीत जागा शोधत होतो. तेवढ्यात जमिनीनेच उत्तर दिलं. दोन एकतीस. खिडक्या वाजल्या, कुसुमबाईंच्या बशीत चहा सांडला.

"हे एवढंच?" कुसुमबाई म्हणाल्या. "आमच्या तलावाची पाळ फुटली तवा याच्यापेक्षा जबर आवाज झालता."

"अना मोह हाय म्हणता?" मारोतीभाऊंचे डोळे चमकले. "मंग फुलं येचाले गावाले जाचं काम नाई."

"अस्वलाचं काय?" मी न राहवून विचारलं.

"त्याचं त्याले, आमचं आमाले."

पण कुसुमबाई भिंतीकडे बघत होत्या. "भेगा वाढून नाई राह्यल्या म्हणता, ते कसं समजाचं? माह्या पोरी झोपतीन इथी."

दादाजीभाऊंनी रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. अकरा वर्षांचं आमचं घर, लाल-निळ्या शाईत. कुसुमबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या. "काच एक, शाबूत. काच दोन, शाबूत..." पानं उलटत राहिल्या. मध्येच थांबल्या. "भाद्रपद. पूर. घरी कोणी नाई. दारात रेतीचे पोते लावले. पाणी आत नाई गेलं."

त्या पुरात आम्ही वंदनाच्या माहेरी होतो. परत आल्यावर घर कोरडं बघून मी अख्ख्या कॉलनीत सांगत फिरलो होतो, की पाया कसा उंच पाहिजे ते मला कळतं.

कुसुमबाईंनी आणखी काही पानं उलटली. "हे काय लिवलं? चैत. मॅडम गेल्या. अस्वल नाई." पुढची ओळ. "मॅडम गेल्या. अस्वल नाई." बोट खाली सरकत गेलं. "मॅडम गेल्या. अस्वल मांगं होतं, थाळी वाजवली, पळालं. मॅडमले सांगतलं नाई." पानभर तेच. पुढच्या वर्षीच्या चैत्रातही तेच.

चैत्रात शाळा सकाळची असते. वंदनाची बस पाच वाजता. घरून निघायची ती अंधारात, मोहाच्या झाडाशेजारच्या गल्लीने. मी तेव्हा झोपेत असायचो. तिने दोन-तीनदा सांगितलं होतं, की दादाजीभाऊ पहाटे थाळी मांडीवर घेऊन फाटकाशी बसलेले दिसतात. मी म्हटलं होतं, "म्हाताऱ्याला झोप नाही, दुसरं काय."

दादाजीभाऊंनी रजिस्टर कुसुमबाईंच्या हातातून काढून घेतलं. कान लाल झाले होते त्यांचे. "ते वाचाचं नाई जी. ते पेन चालते का नाई, ते पाहासाठी लिवलं होतं."

वंदना पुढे झाली. तिला वाकता येत नव्हतं, तरी ती वाकली आणि त्यांच्या पाया पडली. दादाजीभाऊ एवढे गडबडले, की खिशातून गोटी काढून त्यांनी फरशीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले.

घर मारोतीभाऊंनी घेतलं. मी मनात धरला होता त्यापेक्षा भाव कमी मिळाला आणि माझ्या लायकीपेक्षा जास्त. दसऱ्याला अजून आठ दिवस होते.

गडचिरोलीचं घर बघायला दादाजीभाऊ आमच्यासोबत आले. बसमध्ये दोन तास नुसता खर्रा घोटत होते. तिथे मात्र त्यांनी त्या विधवा बाईंच्या घराचे सगळे कोपरे धुंडाळले, कौलं मोजली, विहिरीत दोर सोडला आणि ओसरीवर येऊन म्हणाले, "उत्तरेच्या भिंतीले ओल हाय. बाकी घर खरं हाय. घेऊन टाका. मॅडमची शाळा चालत पाच मिनिट. मी मोजलं."

ते चालत जाऊन शाळा मोजून आले होते. आमच्या जाण्याने त्यांच्या शेजारची भिंत परक्याची होणार होती, पहाटे कोणासाठी उठायचं कारण राहणार नव्हतं. मला खूप काही बोलायचं होतं. अकरा वर्षांचे आभार एका वाक्यात कसे मांडतात ते मला येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या हातावर चुना ठेवला.

घरमालकीणबाई ओसरीच्या खांबाला टेकून आमच्याकडे बघत होत्या. पैशाची बोलणी संपली होती, तरी त्या 'हो' म्हणेनात. शेवटी दादाजीभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, घराचं तुमी सारं खरं सांगतलं. आता घेणाऱ्याचं सांगा. शेजारी माही बहीण राहते. माणसं कशी हायेत?"

दादाजीभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वंदनाकडे. चुना मळला, खर्रा गालात सारला.

"हे भाऊ काई कामाचे नाईत जी," ते म्हणाले. "तुमी बाईकडे पाहून देऊन टाका."